जुन्या वळणाचे केळवण

लग्न ठरलेल्या मुलीला किंवा मुलाला आप्तेष्टांनी मंगलकार्यापूर्वी आपल्या घरी आग्रहाने जेवावयास बोलवावे, पाटावर बसवून ओवाळावे, आवडीचे चार पदार्थ वाढावे आणि एखादा लहानसा आहेर हाती ठेवावा, या रीतीला आपण केळवण म्हणतो. काही घरांत हाच समारंभ गडगनेर या नावाने ओळखला जातो. महाराष्ट्रापासून दूर, इंदूर-ग्वाल्हेरला, बडोद्याला, हैदराबादला किंवा आमच्यासारख्या दिल्लीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांतूनही ही रीत टिकून आहे. अलीकडे मात्र तिला एक निराळे रूप येऊ लागले आहे. त्या रूपाविषयी, आणि असे केळवण घरच्या घरी, आपल्याच हातांनी सजवून कसे योजावे याविषयी, आज मी काही सांगणार आहे. या विषयाचा मी जाणकार नव्हे. मी सरकारी नोकर आहे. कागद, टाचण्या आणि मुदती यांच्याशीच माझा नित्याचा संबंध. तथापि गेल्या मार्गशीर्षात आमच्या घरी जे केळवण झाले, त्यात या तिन्ही गोष्टींचा उपयोग झाला, म्हणून बोलण्याचे धाडस करतो.

माझी धाकटी पुतणी नोकरीच्या निमित्ताने आमच्याकडे राहते. तिचे आईवडील, म्हणजे माझे थोरले बंधू आणि वहिनी, नागपूरला असतात. लग्न ठरल्यावर एका रात्री जेवणे आटोपल्यावर ती म्हणाली, “काका, तुम्ही माझे केळवण करणारच आहात, तर ते व्हिंटेज करू या.” तिच्या कचेरीतील एका मैत्रिणीचा ब्रायडल शॉवर नुकताच झाला होता. तेथे जुन्या चिनीमातीच्या कपांतून चहा दिला होता, जाळीदार रुमाल अंथरले होते, आणि सारी सजावट मैत्रिणींनी घरी केली होती. तसेच काही आपल्या पद्धतीने करावे, असे तिच्या मनात होते.

या दोन्ही परक्या शब्दांचा अर्थ मी शोधला, आणि तो आपल्याला उपयोगी पडणारा आहे. अमेरिकेत शॉवरची चाल एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रूढ झाली. संसाराला लागणाऱ्या वस्तूंचा मैत्रिणींनी वधूवर जणू वर्षाव करावा, म्हणून हे नाव. तिच्या मुळाशी हॉलंडमधील एक दंतकथा सांगतात. एका मुलीचे मन गरीब गिरणीवाल्यावर जडले. बापाला हा जावई पसंत नव्हता. त्याने काहीही देण्याचे नाकारले. तेव्हा गावकऱ्यांनी आपापल्या घरून एकेक वस्तू आणून तिचा संसार उभा केला. दुसरा शब्द व्हिंटेज. तो मूळचा द्राक्षमळ्यातला. द्राक्षांची तोडणी आणि त्या हंगामाचा द्राक्षरस, असा त्याचा पहिला अर्थ. बाटलीवर साल घातलेले असते, आणि जाणकार त्या सालाची विचारपूस करतात. पुढे जुन्या काळच्या कोणत्याही उत्तम वस्तूला हा शब्द लागू लागला. परंतु मूळ अर्थातील सालाची गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. नुसते जुने म्हणजे व्हिंटेज नव्हे. ते कोणत्या सालचे आणि कोणत्या मळ्यातले, हे सांगता आले पाहिजे.

आपल्याकडे या चालीचे सख्खे भावंड पाहावयाचे असेल तर ते बंगालमध्ये आहे. आमच्या शेजारी एक बंगाली कुटुंब राहते. त्यांच्याकडे विवाहापूर्वी वधूवरांना नातलगांनी जेवू घालण्याच्या प्रथेला आइबुडोभात म्हणतात. कुमारवयातील शेवटचा भात, असा तिचा भाव. आमच्या शेजारीणबाईंनी हे सांगितले तेव्हा पुतणीला फार आनंद झाला. आपण दूरदेशीची नक्कल करीत नसून शेजारघरी नांदणारीच गोष्ट करीत आहोत, असे तिला वाटले.

आता एक कबुली दिली पाहिजे. दोन वर्षांपूर्वी थोरल्या पुतणीचे केळवणही मीच केले होते, आणि ते बिघडले होते. वेळ नाही या सबबीखाली मी एक दिवाणखाना भाड्याने घेतला आणि सजावटीचे काम एका व्यावसायिकाकडे सोपवले. त्याने कापडावर छापलेला वाड्याचा दरवाजा उभा केला, प्लॅस्टिकचे झेंडू टांगले आणि कोठून तरी आणलेली पितळी भांडी मांडली. दिसावयास सारे झकास होते. परंतु छायाचित्रकाराने मुलीला तोच घास तीन वेळा उचलावयास लावले, पुऱ्या निवून गेल्या, आणि मुलगी जेवली की नाही हे कोणी पाहिले नाही. घरी परतल्यावर तिने स्वयंपाकघरात उभ्याने दहीभात खाल्ला.

त्या दिवशी आणखी एक गोष्ट झाली. माझी आत्या आमच्याकडेच असते. तिचे वय आज सत्याहत्तर. ती त्या दिवाणखान्यात तिसऱ्या रांगेतील खुर्चीवर बसून राहिली. ओवाळण्यासाठी एकेक सुवासिनी पुढे येत होती. आत्याला कोणी येऊ नकोस म्हटले नाही. कोणी ये असेही म्हटले नाही. मी यजमान होतो, आणि मीही म्हटले नाही. कचेरीत एखाद्या कागदावर काहीच शेरा न मारता तो ठेवून दिला, की तोही एक निर्णयच ठरतो, हे मला वीस वर्षांच्या नोकरीने शिकवले आहे. घरात मात्र ते मी विसरलो.

म्हणून या वेळी आरंभ सामानाच्या यादीपासून न करता सालापासून केला. पुतणीने आत्याला विचारले, “आत्याआजी, तुझे केळवण कधी झाले?” आत्याचे लग्न १९६७ साली वाईला झाले. तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. ते साल आम्ही ठरवले. मग आत्या सांगत गेली आणि पुतणी वहीत लिहीत गेली. ओसरीवर पतंगी कागदाच्या पताका होत्या. दारावर काचमण्यांचे तोरण होते, ते तिनेच दोन उन्हाळ्यांत ओवले होते. भिंतीवर भरतकामाने काढलेले ‘सुस्वागतम्’ होते. त्याच्या दोन्ही बाजूंना राघू, आणि एका राघूचा दोरा संपल्यामुळे त्याची शेपटी निराळ्या हिरव्या रंगाची. समया शेजारून मागून आणल्या होत्या. त्या दिवसांत साखर रेशनवर मिळे. शेजारच्या तीन घरांनी आपापल्या वाट्यातील थोडी थोडी काढून दिली, म्हणून पंगतीला श्रीखंड झाले. हॉलंडच्या दंतकथेतील गावकरी आणि वाईच्या त्या तीन घरच्या माणसांत मला फारसा भेद दिसला नाही. केळवणाचा खरा अर्थ मला तेथे सापडला. निघून जाणाऱ्या मुलीसाठी प्रत्येकाने आपल्या वाट्याचे काहीतरी द्यावे. देण्यासारखे दुसरे काही नसेल तर हातांचे काम द्यावे.

श्रोत्यांपैकी कोणाला असे केळवण करावयाचे असेल, तर पहिली सूचना हीच. आपल्या घरातील एक साल निवडा. आजीच्या लग्नाचे, आईच्या लग्नाचे, कोणाचेही चालेल. त्या सालच्या घरात जे होते तेवढेच मांडा. जे नव्हते, ते कितीही आकर्षक असले तरी दूर ठेवा. असे केले म्हणजे निम्मे सामान आपोआप वगळले जाते आणि उरलेले बहुधा घरच्याच पेटीत निघते.

दुसरी सूचना कामाच्या वाटणीची. आम्ही चोवीस माणसे बोलावली आणि चार रविवार हाताशी धरले. पहिल्या रविवारी पेटी उघडून जुन्या वस्तू काढल्या, पुसल्या, उन्हे दाखवली. दुसऱ्या रविवारी कागदाचे काम. तिसऱ्या रविवारी छायाचित्रे आणि रांगोळीच्या फळ्या. पाना-फुलांचे काम मात्र आदल्या संध्याकाळखेरीज करता येत नाही. ते चौथ्या शनिवारी. प्रत्येक पाहुण्याला निमंत्रण देतानाच एक लहानसे काम सांगितले. एकाने समई आणावी, एकीने पाट आणावे, एकीने गोविंद विडे लावावे. कोणीही नाही म्हटले नाही. उलट ज्यांना काम सांगावयाचे राहिले, त्यांनी दूरध्वनी करून आपले काम मागून घेतले.

निमंत्रणे पुतणीने हाताने लिहिली. जुन्या पत्रिकांचा मायना, ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’, तिने आत्याकडून समजून घेतला. जाड पांढऱ्या कागदावर काळ्या शाईने मजकूर आणि कोपऱ्याला हळदकुंकवाचे बोट, याहून अधिक शोभा लागत नाही.

आता सजावटीकडे वळतो. पताकांसाठी पतंगाचा पातळ कागद घ्यावा. वीस इंच रुंद आणि तीस इंच लांब असा एक ताव घेतला, तर त्याचे दहा इंचांचे सहा चौकोन होतात, आणि प्रत्येक चौकोन कर्णावर कापला की बारा त्रिकोण. त्रिकोणाची लांब बाजू साधारण चौदा इंच येते. ती अर्धा इंच दुमडून दोऱ्यावर चिकटवावी आणि दोन पताकांत दोन इंचांचे अंतर ठेवावे. आमची बैठकीची खोली बारा फूट रुंद आणि चौदा फूट लांब. चारी भिंतींची मिळून लांबी बावन्न फूट झाली. त्यासाठी एकोणचाळीस पताका, म्हणजे चार ताव पुरले. दोनच रंग घ्यावे. आम्ही गुलाबी आणि हिरवा घेतला. अधिक रंग घेतले की घर जत्रेसारखे दिसते, असे आत्याचे मत पडले.

चिकटवण्यासाठी घरची खळ उत्तम. दोन चमचे मैदा थोड्या थंड पाण्यात गुठळ्या मोडून कालवावा, मग पेलाभर पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहावे. पांढरेपणा जाऊन मिश्रण काचेसारखे दिसू लागले की उतरवावे. ही खळ दोन दिवस टिकते; त्यापुढे तिला वास येतो. म्हणून एका बैठकीपुरतीच करावी. पातळ कागदावर ती बोटाने अगदी थोडी लावावी, नाहीतर कागद आकसतो. आमच्या पहिल्या सहा पताका अशाच वाया गेल्या.

तोरणासाठी दार मोजावे. आमचे दार छत्तीस इंचांचे. तीन-तीन इंचांवर एक आंब्याचे पान धरले तर बारा पाने लागतात, आणि प्रत्येक दोन पानांमध्ये एक झेंडू. दोरा मात्र दारापेक्षा हातभर जास्त घ्यावा, म्हणजे गाठी मारता येतात आणि मधोमध थोडा झोलही मिळतो. पाने धुऊन, पुसून, देठाकडून थोडी दुमडून दाभणाने ओवावी. तयार तोरण ओल्या फडक्यात गुंडाळून रात्रभर ठेवले की सकाळी ताजे राहते. आम्ही हे तोरण बाहेरच्या दाराला लावले आणि आत्याचे काचमण्यांचे तोरण आतल्या दाराला. त्याचा दोरा कुजला होता. पुतणीने चार संध्याकाळी बसून ते साऱ्या मण्यांसकट नव्या दोऱ्यात उतरवून घेतले. जुनी वस्तू वापरावयाची म्हणजे आधी तिची डागडुजी करावी लागते, हेही या निमित्ताने सांगून ठेवतो.

रांगोळीची अडचण शहरात निराळी असते. सारवलेल्या जमिनीवर शिरगोळ्याची पांढरी पूड जशी उठून दिसते, तशी आजच्या गुळगुळीत फरशीवर दिसत नाही, आणि जराशा वाऱ्याने सरकते. फरशीवर गेरू लावला तर डाग राहतो. यावर उपाय असा की, तीन फूट लांबरुंद अशी पातळ फळी घ्यावी, तिच्यावर पाण्यात कालवलेला गेरू दोन हात द्यावा आणि पूर्ण वाळू द्यावी. रांगोळी तिच्यावर काढावी. आत्याने अकरा ठिपक्यांच्या अकरा ओळी घातल्या आणि कमळे गुंफली. वयामुळे तिला खाली बसवत नाही. फळी मेजावर ठेवता आली, हा आणखी एक लाभ. उंबऱ्याबाहेर आमच्या बंगाली शेजारीणबाईंनी तांदळाच्या पिठाची आल्पना काढली. मद्रासकडे राहणाऱ्या श्रोत्यांना कोलम काढून देणारी शेजारीण सहज मिळेल. तिला अवश्य बोलवावे. १९६७ साली वाईला आल्पना नव्हती, हे खरे. परंतु शेजारी होते, आणि नियम त्यांच्यासाठी सैल करावयास हरकत नाही.

मुलीच्या पाटामागे भिंत मोकळी दिसू नये म्हणून आत्याचे जुने नऊवारी पातळ बांबूच्या काठीवरून सोडले. नऊ वार म्हणजे सत्तावीस फूट. दुहेरी घेतले तरी भिंत भरून उरते. जरीच्या वस्त्राला टाचणी कधीही लावू नये. छिद्र पडते आणि तेथून जर उसवते. वस्त्र काठीला दोनदा गुंडाळून सुती नाडीने बांधावे. अत्तराचा किंवा पाण्याचा हात त्याला लावू नये, जर काळी पडते. आणि समई त्यापासून, तसेच कागदी पताकांपासून, निदान तीन फूट दूर असावी. ही गोष्ट सांगावयास क्षुल्लक वाटते, परंतु शोभेच्या गडबडीत पहिला विसर हिचाच पडतो.

छायाचित्रांच्या बाबतीत मूळ प्रत कधीही भिंतीवर लावू नये. बाजारात तिच्या प्रती काढून मिळतात. त्या खाकी कागदावर चिकटवून ओळीने मांडाव्या. आम्ही घराण्यातील सात लग्नांची छायाचित्रे लावली. प्रत्येकाखाली साल आणि गाव एवढेच लिहिले. पाहुणे जेवणापूर्वी अर्धा तास तेथेच रेंगाळले, आणि तरुण मंडळींना आपल्या आज्या-पणज्यांची नावे प्रथमच कळली.

संगीताची सोय आम्ही साधी ठेवली. पुणे आकाशवाणीने १९५५-५६ साली प्रसारित केलेले गीतरामायण आत्याच्या बाळपणीचे. ते हलक्या आवाजात लावले होते. पंगत बसल्यावर तेही बंद केले. पंगतीत वाढप्यांचा आग्रह ऐकू आला पाहिजे.

पंगतीविषयी थोडे सविस्तर सांगतो, कारण तीच केळवणाची मुख्य सजावट. एका माणसाला दोन फुटांची जागा धरावी. समोरासमोर सहा-सहा पाट मांडले तर बारा फुटांच्या खोलीत बारा माणसे बसतात. चोवीस माणसांच्या दोन पंगती होतात. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांच्यासाठी मेज आणि खुर्ची, परंतु पान तेच. केळीचे पान शेंडा जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येईल असे मांडावे. वरच्या बाजूस मधोमध मीठ, डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचे, उजवीकडे भाज्या, मध्ये वरणभाताची मूद आणि तीवर तूप. पानाभोवती रांगोळीची महिरप. जेथे केळीचे पान मिळत नाही तेथे पळसाच्या पत्रावळी वापराव्या. उत्तरेत आणि मध्य प्रदेशात त्या किंवा सालाच्या पानांच्या पत्रावळी सहज मिळतात. कागदावर छापलेले केळीचे पान मात्र नको. पदार्थ अनेक असावे असे नाही. मुलीला काय आवडते ते तिच्या आईला विचारून ठरवावे. आमच्याकडे अळूची भाजी, मसालेभात, पुऱ्या, मठ्ठा आणि, वाईच्या त्या तीन घरांची आठवण म्हणून, श्रीखंड होते.

येथवर काय मांडावे ते सांगितले. आता काय मांडू नये ते सांगावयाचे आहे, आणि माझ्या मते हाच या विषयातील अवघड भाग. जुन्या काळची पेटी उघडली की तोरणाबरोबर इतरही काही बाहेर येते. १९६७ च्या पंगतीत बायका सर्वांत शेवटी, निवलेल्या अन्नावर बसल्या होत्या. आणि आत्या १९८१ साली विधवा झाली, तेव्हापासून तिने घरातील एकाही मुलीला ओवाळले नव्हते. मी आठ-नऊ वर्षांचा असताना आमच्या चुलतबहिणीचे केळवण वाईला झाले, ते मला आठवते. पहाटे उठून अंगणभर रांगोळी आत्याने काढली. पाहुणे येऊ लागले तशी ती आत गेली आणि संध्याकाळपर्यंत चुलीपाशीच राहिली. तिची रांगोळी सर्वांना चालत होती, ती चालत नव्हती.

विधवाविवाहाला कायद्याची मान्यता १८५६ साली मिळाली. धोंडो केशव कर्वे यांनी १८९३ साली स्वतः विधवेशी विवाह केला आणि १८९६ साली पुण्यात विधवांसाठी आश्रम काढला. कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावच्या ग्रामपंचायतीने २०२२ साली विधवांना अपमानित करणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला, आणि तो कित्ता इतरत्रही गिरवला जावा असे राज्य शासनाने परिपत्रकाने सुचवले. इतके सारे होऊनही दोन वर्षांपूर्वी माझ्या आत्याची खुर्ची तिसऱ्या रांगेत होती. कायदा आणि ठराव दारापर्यंत येतात; आतल्या पाटापर्यंत यजमानालाच हाक मारावी लागते.

पुतणीने हा विषय स्वतःच काढला. ती म्हणाली, “काका, सगळे आत्याआजीच्या केळवणासारखे करायचे आणि ओवाळणार कोण, तर ती सोडून बाकीच्या?” वहिनी नागपूरहून आल्या होत्या. त्या मनाने वाईट नाहीत, परंतु मुलीच्या बाबतीत आईचे मन भित्रे असते. त्या म्हणाल्या, “भाऊजी, मला स्वतःला काही वाटत नाही. पण उद्या कुठे काही उणेअधिक झाले, तर लोक माझ्या मुलीलाच बोलतील.” आत्यानेही मान हलवली. “अरे, शुभकार्यात मी कशाला? मी रांगोळी काढते, ते पुष्कळ झाले.” मी वहिनींना इतकेच सांगितले की, या घरचा यजमान मी आहे, लोकांना बोलावयाचे असेल तर माझे नाव सांगा. थोरलीच्या वेळी हे मी बोलावयास हवे होते, हेही कबूल केले. वहिनी काही बोलल्या नाहीत. रात्री उशिरापर्यंत त्या आत्याजवळ बसून शेवंतीच्या वेण्या केळीच्या सोपटाने बांधीत होत्या. त्यांचे काय बोलणे झाले ते मला ठाऊक नाही.

रविवारी सकाळी पुतणी पाटावर बसली. वहिनींनी ताम्हन तयार केले, निरांजनाची वात लावली, आणि ते ताम्हन सर्वांआधी आत्याच्या हाती दिले. आत्याचा हात थोडा थरथरला. पुतणीने बसल्या जागेवरून ताम्हनाला खालून आपला हात लावला. एवढेच झाले. दोघीतिघी वृद्ध पाहुण्या एकमेकींकडे पाहू लागल्या, हे खरे. परंतु त्यांतल्याच एकजणी, ज्यांचे यजमान पाच वर्षांपूर्वी वारले होते, आत्याच्या पाठोपाठ उठल्या आणि त्यांनीही ओवाळले. मग मुलीने उखाणा घेतला. पहिल्या पंगतीला बायका बसल्या आणि आम्ही पुरुषांनी वाढले. मसालेभात एका बाजूने किंचित लागला होता. पुरी वाढण्याचे काम माझ्याकडे होते, आणि मुलीने तीन पुऱ्या आणि दोन वेळा श्रीखंड घेतले, हे मी स्वतः पाहिले. छायाचित्रे धाकट्या भाच्याने काढली. घास परत उचलावयास कोणी सांगितले नाही.

समारंभानंतर आवराआवरीलाही योजना असावी. केळीची पाने गोशाळेत पोचवली. निर्माल्य झाडांच्या मुळाशी घातले. पताका दोऱ्यासकट गुंडाळून ठेवल्या, त्या आणखी दोन वेळा वापरता येतील. पातळ मऊ सुती कापडात गुंडाळले, आणि दर पावसाळ्यानंतर त्याची घडी बदलावयाची असे ठरले, कारण एकाच घडीवर जर चिरते. हे सारे आत्याच्या पेटीत गेले आहे. पेटीच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. त्यावर कोणती वस्तू कोणाची, कोणत्या सालची आणि तिची निगा कशी राखावी, हे पुतणीच्या अक्षरात लिहिले आहे. शेजारून मागून आणलेल्या समया मात्र पेटीत नाहीत. त्या दुसऱ्याच दिवशी ज्यांच्या त्यांना परत केल्या, प्रत्येकीबरोबर श्रीखंडाची वाटी देऊन.

आपल्या घरी लवकरच एखादे केळवण व्हावयाचे असेल, तर बाजारात जाण्यापूर्वी घरातल्या सर्वांत वयस्कर बाईजवळ तासभर बसा. तिच्या वेळी काय काय होते ते विचारा आणि लिहून घ्या. मग तिला पुढे कोठे बसवावयाचे, ते आधी ठरवा. पताका त्यानंतर कापल्या तरी चालतील.